पिंजरा, पट्टा आणि आजींचा खोकला

दसरा ओलांडला की बोदवडच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू होते आणि दवाखान्याच्या बाकावर खोकणाऱ्यांची दाटी होते. धूळ, कापसाचे तंतू, पहाटेचा गारठा, दिवाळीच्या झाडझुडीत उडालेली माती, अशी कारणे तयारच असतात. तीस वर्षांच्या व्यवसायात ही कारणे माझ्या इतकी अंगवळणी पडली आहेत की एखादा रुग्ण खोकत आत आला, तर त्याने बसण्यापूर्वीच माझ्या मनात निदान होऊन गेलेले असते. ही सवय वैद्याला घातक असते. याचा प्रत्यय मला काही वर्षांपूर्वी एका आजींनी आणून दिला.

आजी सत्तरीच्या. मधुमेह, थोडा रक्तदाब, परंतु दोन्ही आटोक्यात. पती निवर्तल्याला तीन वर्षे झाली होती. "डॉक्टरसायेब, मले काही नाही झालं, हा खोकला तेवढा बंद करून द्या," असे म्हणत त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी त्यांना पाच दिवसांचे औषध दिले. त्या पुन्हा आल्या. मी औषध बदलले. तिसऱ्या खेपेला श्वासाचा पंप दिला. महिना उलटला, दुसरा लागला. खोकला कोरडाच होता, कफ नव्हता, ताप कधी यायचा तर कधी नाही. वजन मात्र चार किलोंनी घटले होते आणि दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढून आल्यावर त्या बाकावर टेकून दम घेऊ लागल्या होत्या. बसल्या जागी रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९५ होते; व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावल्यावर ते ८८ वर आले. छातीला नळी लावली, तर दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी बारीक करकर ऐकू येत होती. हृदयाचा आलेख ठीक होता. क्षयाची तपासणीही स्वच्छ आली.

धागा हाती लागला तो सुनेच्या एका सहज वाक्यातून. त्या म्हणाल्या, "मध्ये पंधरा दिवस आई नाशिकला नणंदेकडे होत्या, तिथे खोकला अगदी नाहीसा झाला होता. इकडे आल्या आणि दोन दिवसांत पुन्हा सुरू." म्हणजे दुखणे आजींच्या शरीरात जितके होते, तितकेच त्यांच्या घरातही होते. त्या सायंकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पूर्वी डॉक्टर घरी जात असत. आता आपण रुग्णाला दवाखान्यात बोलावतो आणि त्याचे घर पाहायचे राहून जाते.

आजींच्या निजायच्या खोलीत, पलंगापासून दोन हातांवर एक पिंजरा होता. त्यात करड्या अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा, गालांवर केशरी ठिपके असलेला कॉकटेल पक्षी. त्याचे नाव राजा. आजोबांनी हयात असताना आणलेला. खोलीची खिडकी बंद होती, दारही लावलेले होते. मी विचारले, "हा इथे कधीपासून?" उत्तर मिळाले, "शेरू आल्यापासून." शेरू म्हणजे नातवाने पुण्याहून आणलेला लॅब्राडोर. तोवर राजाचा पिंजरा ओसरीत, मोकळ्या हवेत टांगलेला असे. शेरूने पहिल्याच दिवशी त्यावर झेप घेतली, पिंजरा हेलकावला, पक्षी किंचाळला; आणि घरच्यांनी अत्यंत समजूतदारपणे पक्ष्याला सर्वांत सुरक्षित खोलीत, आजींच्या सोबतीला नेऊन ठेवले. दार सदैव बंद ठेवण्याचा नियम केला. कुत्रा सुरक्षित राहिला, पक्षी सुरक्षित राहिला. त्या बंद खोलीत श्वास कोण घेत होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. अडीच महिन्यांत मीही एकदा तोंड उघडून विचारले नव्हते की, घरात पक्षी आहे का?

कॉकटेल, काकाकुवा आणि आफ्रिकन करडा पोपट या पक्ष्यांच्या अंगावर पिठासारखी बारीक भुकटी सतत तयार होत असते. पिसे निर्मळ राखण्यासाठी निसर्गाने केलेली ती योजना आहे. काळ्या कपाटावर बोट फिरवले की ती पांढुरकी दिसते. या भुकटीतील आणि वाळलेल्या विष्ठेतील प्रथिने श्वासावाटे फुफ्फुसांच्या अगदी खोल कप्प्यांत पोहोचतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. काही थोड्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती मात्र या प्रथिनांना शत्रू समजून फुफ्फुसांतच लढाई मांडते. वैद्यकात या विकाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. पक्षी पाळणाऱ्यांत तो आढळला की त्याला 'बर्ड फॅन्सिअर्स लंग' असे नाव आहे. बुरशी आलेला कडबा वा गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांना होणारा 'फार्मर्स लंग' हा त्याचाच भाऊ. हा जंतुसंसर्ग नव्हे, म्हणून प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. हा नेहमीचा दमाही नव्हे, म्हणून पंपाने फारसा गुण येत नाही. लवकर ओळखून कारण दूर केले तर फुफ्फुसे सावरतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर त्यांत व्रण पडतात आणि ते व्रण पुन्हा भरून येत नाहीत. कबुतरांच्या बाबतीत हाच विकार गाजला, हे वाचकांना आठवत असेल. मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये विधान परिषदेपासून उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, त्याच्या मुळाशी फुफ्फुसांच्या या आजाराचीच चिंता होती.

आजींना जळगावच्या छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. फुफ्फुसांचा सीटी स्कॅन झाला आणि शंका खरी ठरली. पुढचे नंतर सांगतो; कारण ज्या गोष्टीने मला त्या रात्री झोप येऊ दिली नाही, ती वेगळी होती. घरात कुत्रा आणि पक्षी एकत्र आले की सर्वांचे लक्ष त्या दोघांवर खिळते. त्यांच्यातला प्रश्न सुटला की घर निश्चिंत होते. आणि तो प्रश्न सोडवण्याची किंमत पुष्कळदा घरातील वृद्ध माणूस मोजतो.

याचे दुसरे उदाहरण फार दूरचे नाही. निवृत्त झालेले एक गृहस्थ, वय अठ्ठ्याहत्तर. घरी लव्हबर्डची जोडी (आपल्याकडे ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ते बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात, खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले). मुलाने कुत्रा आणला, म्हणून पिंजरा कुत्र्याच्या उडीच्या वर, छताच्या हुकाला टांगला. योजना निर्दोष. केवळ एवढेच की, त्या जोडीला सकाळी राळे-बाजरी घालण्याचे आणि पाणी बदलण्याचे काम गृहस्थांचे होते आणि ते रोज स्टुलावर चढून ते करीत. एके सकाळी खाली कुत्रा घोटाळला, स्टूल कलले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ते वाचले, परंतु काठीशिवाय पुन्हा चालले नाहीत. वृद्धांच्या खुब्याचे हाड मोडणे ही किरकोळ दुखापत नसते. तिच्यानंतर अंथरुणाला खिळून अनेकजण वर्षभरात जगाचा निरोप घेतात.

पिंजरा उंच असावा, हे खरेच आहे. परंतु तो खाली आणता आला पाहिजे. त्या घरी नंतर त्यांच्या मुलाने विहिरीवरची जुनी कप्पी छताला बसवली आणि दोर भिंतीतल्या खुंटीला बांधला. कुत्र्याला आधी अंगणात साखळीला बांधायचे, मग दोर सोडून पिंजरा टेबलावर उतरवायचा, दाणापाणी करायचे, पुन्हा वर ओढायचा. खुर्चीत बसून करता येईल असे काम. दोर जाड हवा आणि खुंटीला दोन वेढे हवेत, म्हणजे हात सुटला तरी पिंजरा कोसळत नाही. मी आजवर पाहिलेल्या उपायांत हा सर्वांत शहाणा आणि सर्वांत स्वस्त. ज्यांना टांगायचे नाही त्यांनी पिंजरा माणसाच्या छातीच्या उंचीवर, भिंतीला पक्क्या ठोकलेल्या फळीवर ठेवावा. बाजारात मिळणारे चाकांचे नाजूक स्टँड कुत्र्याच्या घरात नकोतच; वीस-पंचवीस किलोंचा कुत्रा एका धक्क्यात ते पाडतो, आणि पडलेल्या पिंजऱ्याचे दार उघडल्यावाचून राहत नाही.

मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नव्हे. तरी या निमित्ताने पशुवैद्य मित्रांकडून जे शिकलो ते सांगणे उपयोगाचे होईल. कुत्रा दुष्ट नसतो, परंतु फडफडणारी वस्तू दिसली की तिच्यामागे धावणे हे त्याच्या रक्तात असते. ते रक्त सर्व जातींत सारखे नसते. करवानी अर्थात मुधोळ हाउंड हा आपल्याकडचा अस्सल शिकारी. पळती वस्तू दिसली की तो थांबत नाही. स्पॅनियल आणि टेरियर यांची पैदासच पाखरे उठवण्यासाठी व उंदीर-घुशी मारण्यासाठी झाली. लॅब्राडोर हा मारलेले पाखरू तोंडात धरून धन्याकडे आणणारा. म्हणजे स्वभावाने गरीब, पण पक्षी तोंडात धरणे हा त्याला अपराध वाटत नाही. आपला गावरान कुत्रा या दृष्टीने कसा वागेल, हे तो कोणत्या परिस्थितीत वाढला यावर ठरते. लहानपणापासून कोंबड्यांमध्ये वाढलेला गावरान कुत्रा कोंबड्यांकडे मान वळवूनही पाहत नाही, हे आपण खेड्यांतून नित्य पाहतो. सवय या शब्दात किती सामर्थ्य आहे, हे त्यावरून कळते.

ती सवय लावायची तर घाई करू नये. पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांना पाहूच नये; पिंजऱ्याखालचा कागद कुत्र्याला दुरून हुंगू द्यावा, कुत्र्याचा आवाज पक्ष्याच्या कानी पडू द्यावा. नंतर कुत्र्याला भरपूर फिरवून, पोटभर खाऊ घालून, पट्टा हातात धरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवावे. पाच मिनिटे पुरे. तो पक्ष्याकडे पाहून पुन्हा आपल्याकडे पाहील, त्या क्षणी त्याला खाऊ द्यावा. 'बस' आणि 'सोड' या दोन आज्ञा त्याला चांगल्या ठाऊक असल्याखेरीज अंतर कमी करू नये. पट्टा धरणारा माणूस तरुण व मजबूत हवा. मोठ्या कुत्र्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून आजोबांनी बसू नये. कुत्र्याने एक हिसका दिला की मनगट, खांदा किंवा तोल यांपैकी काहीतरी जाते.

आणि एक चूक हटकून होते. कुत्रा भुंकतो, उड्या मारतो, तोवर माणसे सावध असतात; तो गप्प झाला की "आता सवय झाली" असे म्हणतात. वस्तुतः भुंकणारा कुत्रा अजून खेळण्याच्या विचारात असतो. नजर रोखलेली, अंग ताठ, शेपूट स्थिर, कान पुढे, एक पंजा किंचित उचललेला, ही शिकारीपूर्वीची शांतता असते. त्या वेळी त्याला तत्काळ बाहेर न्यावे. पक्ष्याची भीतीही ओळखता आली पाहिजे. पिसे अंगाला घट्ट चिकटलेली, चोच उघडून श्वास, शेपटीची वरखाली हालचाल, दाणा टाकलेला तसाच. पक्षी आजार व भय लपवतात. रानात दुबळा दिसणारा प्रथम मारला जातो, म्हणून ही त्यांची उपजत रीत आहे. लक्षणे दिसू लागली म्हणजे पुष्कळ उशीर झालेला असतो.

दोघांची कितीही गट्टी जमली तरी घरात शहाणे माणूस नसताना त्यांना एका खोलीत मोकळे ठेवू नये. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांनी उभारलेल्या प्राण्यांच्या अनाथालयातील बिबटे, अस्वले आणि माणसे यांच्या सहवासाची चित्रे अनेकांनी पाहिली आहेत आणि "तिथे जमते, मग आमच्या घरी का नाही?" असे मला विचारणारेही भेटतात. तिथे अहोरात्र जागती माणसे होती, अनेक वर्षांचा अभ्यास होता. आपल्या घरी दुपारी एक ते चार आजोबा झोपलेले असतात आणि सून शाळेत शिकवायला गेलेली असते.

समजा, अपघात घडलाच. कुत्र्याच्या तोंडात पक्षी दिसला की सर्वांत जवळ असलेले माणूस, आणि ते घरी बहुधा आजी किंवा आजोबा असतात, पुढे धावते आणि कुत्र्याच्या जबड्यात हात घालते. कृपा करून तसे करू नका. ताटावर पळी आपटा, अंगावर चादर टाका, पाणी फेका, आवडता खाऊ दूर भिरकावा. स्वतःचा कुत्राही त्या क्षणी चावतो, आणि वयोमानाने पातळ झालेली त्वचा कागदासारखी फाटते. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त लवकर थांबत नाही. मधुमेह असेल तर जखम चिघळते.

चावा किंवा ओरखडा झालाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुणे, हा पहिला उपचार. घड्याळ लावून धुवा; पंधरा मिनिटे वाटतात त्याहून पुष्कळ लांब असतात. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही लावू नये. लगेच शासकीय रुग्णालयात जावे. रेबीजची लस तिथे मिळते. ती त्वचेत घेतल्यास पहिल्या, तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवसाचा क्रम असतो (पहिला दिवस शून्य धरतात), दंडात घेतल्यास चौदाव्या दिवसाचीही भर पडते. रक्त आलेल्या जखमेला लसीसोबत जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. "आपलाच कुत्रा आहे, त्याला इंजेक्शन दिलेले आहे" असे म्हणून घरी थांबू नये. ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात व त्यानंतर दरवर्षी रेबीजची लस दिल्याची नोंदवही आजोबांच्या औषधांच्या डब्यातच ठेवावी, म्हणजे वेळेला सापडते. पक्षी चावला तर रेबीजची भीती नाही, कारण तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र घेतलेले असावे.

पक्षी जिवंत सुटला आणि वरवर धड दिसला, तरी निर्धास्त राहू नये. पिसांखाली दाताचे टोचणे दिसत नाही आणि कुत्र्याच्या लाळेतले जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले की एक-दोन दिवसांत तो दगावतो. त्याला भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर, अंधारात, उबेत ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. आणि तासाभरात पशुवैद्याकडे न्यावे. आपल्या तालुक्यात गुरांचे डॉक्टर सहज भेटतात, पक्ष्यांचे नाही. म्हणून जळगाव-भुसावळकडे पक्षी तपासणारे कोण आहेत, हे आधीच विचारून क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

आता पुन्हा माणसांकडे. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून सिटॅकोसिस नावाचा न्युमोनिया होऊ शकतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, भयंकर डोकेदुखी, अंगदुखी व कोरडा खोकला सुरू होतो. १९२९-३० च्या हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतून निर्यात झालेल्या पोपटांबरोबर हा रोग अमेरिका व युरोपात पसरला आणि वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत त्याचा शोध घेणारे संशोधक स्वतःच आजारी पडले. त्या काळी औषध नव्हते. आज डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो. अट एवढीच की डॉक्टरला त्याची आठवण व्हायला हवी. म्हणून वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, ताप-खोकल्यासाठी दवाखान्यात जाल तेव्हा न विचारताच सांगा की घरी पक्षी आहे. विचारायला आम्ही विसरतो. माझेच उदाहरण वर दिले आहे.

बर्ड फ्लूची आठवण खान्देशाइतकी कोणाला असणार? फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटशाळांत झाला आणि पुढच्या महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातही त्याची बाधा आढळली. कोंबड्यांच्या सामूहिक दफनाची ती दृश्ये अजून डोळ्यांपुढे आहेत. २०२१ मध्ये नवापूरला तो पुन्हा आला. त्या काळात माणसांची काळजी सर्वांनी केली, कुत्र्यांची फारशी कोणी केली नाही. परंतु २००४ मध्ये थायलंडमध्ये बाधित बदक खाल्लेला एक कुत्रा याच विषाणूने मेल्याची नोंद आहे. उकिरड्यावर मेलेली कोंबडी वा कावळा कुत्र्याला तोंडात धरू देऊ नये. तेच तोंड घेऊन तो घरी पिंजऱ्यापाशी आणि आजोबांच्या हातापाशी येतो.

पिंजऱ्याची सफाई केरसुणीने कोरडी कधीच करू नये. पाण्याची ओढाताण बोदवडला नवी नाही, हे जाणूनच सांगतो की त्याला फार पाणी लागत नाही. तळाला रोज जुने वर्तमानपत्र घालावे, काढण्यापूर्वी फवाऱ्याच्या बाटलीने ओले करावे, गुंडाळी करून पिशवीत बांधावे आणि गज ओल्या फडक्याने पुसावेत. हे अंगणात करावे, नाकाला एन-९५ मास्क बांधून करावे, आणि घरातील सर्वांत वृद्ध किंवा दमेकरी माणसाने करू नये. सांडलेले दाणे लगेच उचलावेत. दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. शेतालगतच्या घरांत ही साखळी पुरी व्हायला वेळ लागत नाही. कुत्र्याला पिंजऱ्याखालची विष्ठा चाटण्याचा षोक असतो, तोही मोडावा.

धुराविषयी दोन शब्द. पक्ष्यांची श्वसनसंस्था आपल्याहून कितीतरी कार्यक्षम असते, आणि म्हणून विषारी वायूही ते आपल्याआधी ओढून घेतात. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत, ते त्याचसाठी. रिकामे तापलेले नॉनस्टिक भांडे, डासांची कॉइल, कापूर, डांबरगोळ्या, मिरचीचा ठसका, भरताची वांगी भाजताना पऱ्हाटीचा धूर, यांपासून पिंजरा लांब असावा. स्वयंपाकघरात तर नकोच. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याच्या छपराखाली पक्षी आणि कुत्रा दोघेही तडफडतात. परंतु कुलरच्या थेट झोतासमोर पिंजरा ठेवला तर सगळी भुकटी त्याच खोलीत निजलेल्या माणसाच्या नाकात जाते. पिंजरा झोताच्या बाजूला, खिडकीच्या दिशेला ठेवावा.

वृद्धांच्या थरथरत्या हातून गोळ्या जमिनीवर पडतात. कुत्रा त्या गिळतो. वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. गोळ्या ताटलीत काढून घ्याव्यात, हातावर नव्हे.

कायद्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या अनेक घरांत राम-राम म्हणणारा हिरवा मिठू पिढ्यान्‌पिढ्या आहे. हा देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून तो पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. देशी मुनियांचेही तेच. आजोबांना सोबत म्हणून कोणी बाजारातून आणून देत असेल तर घेऊ नका. आधीपासून असेल तर मात्र घाबरून छपरावरून उडवून देऊ नका. माणसाळलेला पोपट कावळ्यांच्या तावडीत सापडतो. वन विभागाला कळवावे.

आता आजींचे राहिलेले. तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की पक्षी आणि आजी एका घरात राहू शकत नाहीत. ओसरीत ठेवणे, मास्क लावणे, रोज पुसणे, हे निरोगी फुफ्फुसांसाठी. एकदा हा विकार जडला की कारण पूर्णपणे दूर करणे हाच उपचाराचा गाभा. स्टिरॉइडच्या गोळ्या काही आठवडे दिल्या, त्याने साखर अडीचशेवर गेली, इन्शुलिन द्यावे लागले. हे सारे आजींनी निमूटपणे सोसले. राजाला द्यायला मात्र त्या तयार होईनात. मी थोडा रागानेच बोललो. तेव्हा सुनेने मला बाजूला नेऊन सांगितले की, आजोबा रोज संध्याकाळी फाटक उघडताना एक विशिष्ट शीळ घालीत. ती शीळ राजा अजून घालतो, त्याच वेळेला.

माझ्याकडे यावर औषध नव्हते. सांगण्यासारखेही काही नव्हते. आठ दिवस मी तो विषय काढला नाही. मग एके दिवशी आजींनीच निरोप पाठवला. मलकापूरला त्यांच्या भाच्याचे घर आहे, मोठे अंगण आहे, कुत्रा नाही; राजा तिकडे गेला. आजींची खोली रिकामी करून भिंती पुसल्या, गादी व उशा बदलल्या, पडदे धुतले, कारण ती भुकटी पक्षी गेल्यावरही महिनोन्‌महिने राहते. तिसऱ्या महिन्यात प्राणवायू चालल्यावरही ९४ राहू लागला. पायऱ्या चढून आल्यावर त्या आता बाकावर टेकत नाहीत.

शेरू हल्ली त्यांच्या पलंगाखाली झोपतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास भाचा मलकापूरहून फोन लावतो आणि पिंजऱ्याजवळ धरतो. एकदा मी तपासायला गेलो असताना तो फोन आला. शीळ ऐकताच शेरूने कान टवकारले, उठून फाटकाकडे गेला आणि तिथेच बसून राहिला. आजी म्हणाल्या, "हे याने आजोबांना पाहिलंही नाही, तरी रोज जातो."